लेन बंद, पण कामावर चिटपाखरू नाही: असं का होतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते कळेल. तुम्ही साताऱ्याजवळच्या नागठाण्याच्या. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पुणे-बेंगळुरू महामार्गानं कराडला नेता, कारण स्लॉट तिथंच मिळाला. एरवी पाऊण तासाचा रस्ता, आता कधी सव्वा तास लागतो, कधी अडीच. तुमचा खरा संताप असा, की तासभर रांगेत काढून पुढं पोचावं तर बॅरिकेड लावलेले, अर्धा रस्ता बंद, आणि आत ना मशीन ना माणूस. मग रस्ता अडवलाय कशाला? रात्री का करत नाहीत? आणि वडिलांना वेळेत न्यायचं तर काय करायचं?

मी २००३ पासून या धंद्यात आहे. सुवर्ण चतुष्कोनाचं चौपदरीकरण चालू होतं तेव्हा सुपरवायझर म्हणून लागलो. पुढं बरीच वर्षं वेगवेगळ्या ठेकेदारांकडं डांबरीकरण पाहिलं, आणि अलीकडं काम चालू असताना वाहतूक कशी सोडायची हेच माझ्याकडं असतं. म्हणजे तुम्ही ज्या बॅरिकेडला शिव्या देता ते लावणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळं काही ठिकाणी आमच्या लोकांची बाजू घेईन, काही ठिकाणी घेणार नाही.

आधी एक कबूल करतो. शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरण असं एक नाव असलं तरी आत दहा प्रकारची कामं असतात. कुठं जुन्या रस्त्यावर नवा थर, कुठं पुलाचा जोड बदलणं, कुठं मोरी, कुठं अख्खा उड्डाणपूल. त्यामुळं 'लेन किती दिवस बंद राहील' याला एकच उत्तर नाही. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून तुमच्या वाटेवर निदान दोन प्रकार दिसतात: एक डांबराचा थर आणि एक काँक्रीट. दोघांचं घड्याळ वेगळं चालतं.

डांबराचं सांगतो. जुना थर मिलिंग मशीननं खरवडला की खाली पन्नास मिलिमीटरची पायरी तयार होते. बोटाची दोन पेरं म्हणा. कारला ती फारशी जाणवत नाही, पण तिरक्या कोनातून चढणारी मोटरसायकल तिथं हमखास आडवी होते. म्हणून खरवडलेली लेन मोकळी दिसली तरी वाहनांना देता येत नाही. मग झाडून, हवा मारून धूळ काढायची आणि इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, फवारायचं. ते फवारल्यावर चॉकलेटी दिसतं. त्यातलं पाणी उडून ते काळं पडेपर्यंत थांबावं लागतं, त्याला आम्ही 'ब्रेक झालं' म्हणतो. उन्हात लवकर होतं, डिसेंबरच्या सकाळी दव असेल तर चांगलाच वेळ खातं. तेवढा वेळ सगळी गँग सावलीला बसलेली असते, आणि नेमकी तेव्हा तुमची गाडी शेजारून जाते.

पुढचा खेळ तापमानाचा. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा माल प्लांटमधून साधारण १५० ते १६५ अंशांवर निघतो, १४० च्या आत उतरण्याआधी पेव्हरमध्ये, म्हणजे थर पसरणाऱ्या मशीनमध्ये, पडला पाहिजे, आणि रोलरचं काम ९० अंशांच्या वर असतानाच संपलं पाहिजे. त्याखाली गेलेल्या मालावर रोलर कितीही फिरवा, तो दबत नाही. तो पट्टा पहिल्याच पावसाळ्यात उखडतो. रोलर निघून गेल्यावरही थर आतून साठ अंशांच्या खाली निवेपर्यंत त्यावर वाहन सोडायचं नसतं, नाहीतर ट्रकच्या चाकांची चर पडते. उन्हाळ्यात दुपारी टाकलेला थर संध्याकाळी हात ठेवला तरी चटका देतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, रस्ता झालाय, गुळगुळीत काळाभोर, मग सोडत का नाहीत?

आता मालाचा हिशोब बघा. एक किलोमीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, पन्नास मिलिमीटर जाड. हे झाले १७५ घनमीटर, वजनात चारशे टनांच्या वर. सोळा टनी टिपर धरला तर पंचवीस-सव्वीस खेपा. हे टिपर प्लांटवरून येतात कुठून? त्याच महामार्गावरून, त्याच रांगेतून. आम्हीच लावलेल्या कोंडीत आमचाच माल अडकतो. ताडपत्री टाकलेली असली तरी टिपरमधला माल निवत जातो, पेव्हर रिकामा उभा राहतो, रोलरवाला विडी पेटवतो. दोन टिपर दीड तास आले नाहीत म्हणून कामावरची वीस माणसं हात बांधून उभी राहिलेली मी कितीदा पाहिलीत. त्यातला एखादा टिपर आला आणि थर्मामीटर खुपसून बघितलं तर १२० अंश. परत पाठवला की मालक ओरडतो, टाकला की वर्षभरात लोक ओरडतात.

काँक्रीटचं वेगळं. मोरी, पुलाचा जोड, उड्डाणपुलाच्या खांबाचा पाया, यात ओतायचं काम एका रात्रीत होतं आणि उरलेले दिवस फक्त पाणी मारायचं असतं. काँक्रीटची ताकद मोजायची मुदत २८ दिवसांची. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, उरलेली सावकाश. तेवढे दिवस तिथं ओली गोणपाटं आणि पाइप धरलेला एक माणूस, एवढंच दिसणार. कराड-मलकापूरला जुने उड्डाणपूल पाडून नवा बांधायला घेतला तेव्हा लोक म्हणायचे, खांब उभे केले आणि पळून गेले. पळून कुणी गेलं नव्हतं. वरचे तयार तुकडे यार्डात ओतले जात होते आणि यार्ड रस्त्यावरून दिसत नाही.

इथवर आमची बाजू. आता दुसरी.

बंद लेनवर माणूस नसण्याचं एक कारण निव्वळ आळस आणि पैसा आहे, हे मी नाकारणार नाही. बॅरिकेड लावणं आणि काढणं हे आमच्या कामातलं सगळ्यात धोक्याचं काम. शंभरच्या वेगानं येणाऱ्या गाड्यांसमोर पोरं प्लास्टिकचे कोन हातात धरून चालत असतात. म्हणून सुपरवायझरचा कल असतो की एकदा लावलंय ते राहू दे, उद्या परत लागणारच आहे. यात माणसं वाचवायची भावना असते, आणि कोन काढायला दोन तासांचा ओव्हरटाइम द्यायला नको हेही असतं. दोन्ही एकाच वाक्यात बोललं जातं. एका दिवाळीला माझ्याच हद्दीत सातशे मीटर लेन चार दिवस बंद राहिली. काम संपलेलं होतं. गँग गावाला गेली होती, आणि कोन काढायला ट्रॅक्टर लागतो तो ठेकेदारानं दुसऱ्या साइटवर नेला होता. दिवाळीच्या परतीच्या गर्दीत चार दिवस लोक तिथं रांगा लावत होते. मी फोनवर फोन केले, पण स्वतः जाऊन ते काढले नाहीत. आजही तिथून जाताना मान वर करून बघवत नाही.

आता रांगेकडं येतो, कारण तुमचे तास खरे तिथं जातात. बंद लेन हे निमित्त असतं, रांग वाढते ती बेरीज-वजाबाकीनं. समजा, सकाळी नऊ ते अकरा तासाला १,८०० कारएवढी वाहनं येतायत आणि एका लेनमधून जेमतेम १,३०० जातायत. दर तासाला पाचशे मागं उरली. अकरा वाजेपर्यंत हजार. प्रत्येकीला सात मीटर जागा धरा, दोन लेनमध्ये उभी राहिली तर साडेतीन किलोमीटरची रांग झाली. अकरानंतर गर्दी ओसरून तासाला हजारच वाहनं यायला लागली, तरी रांग दर तासाला तीनशेनंच कमी होणार. म्हणजे अकराला संपलेल्या गर्दीची रांग दुपारी सव्वादोन-अडीचपर्यंत टिकणार. तुम्ही एक वाजता तोंडाशी पोचता, तेव्हा तुम्ही सकाळी दहाची थकबाकी फेडत असता. आणि एक वाजता गँग जेवायला बसलेली असते. तुम्हाला दिसतं ते असं: तासभर खोळंबा, आणि कारण काहीच नाही.

हे आकडे मी सोपे धरलेत. खऱ्या रस्त्यावर सगळ्या गाड्या कार नसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या तक्त्यात एक ट्रक म्हणजे तीन कार आणि ट्रॉलीवाला ट्रॅक्टर म्हणजे साडेचार कार धरतात. आपल्याकडं हा शेवटचा आकडा फार महागात पडतो. डांबरीकरणाचा मोसम म्हणजे पाऊस थांबल्यापासून मेपर्यंत. उसाचा गळीत हंगामही दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत जातो. शेंद्र्याला अजिंक्यतारा, यशवंतनगरला सह्याद्री, रेठऱ्याला कृष्णा, पुढं साखराळ्याला राजारामबापू. या सगळ्यांचा ऊस महामार्गावरून नाहीतर महामार्ग ओलांडून जातो. आम्ही लेन बंद करायचे महिने आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असायचे महिने तेच. पावसाळ्यात डांबर टाकता येत नाही, ऊस उन्हाळ्यात तोडून चालत नाही. यावर माझ्याकडं उपाय नाही.

एका जानेवारीतली रात्र सांगतो. काशीळच्या अलीकडं आमचं काम चालू होतं, दोनाची एक लेन केलेली. साडेनऊच्या सुमाराला एक ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या शिगोशीग, टेपवर गाणी एवढी मोठी की मागून कुणी हॉर्न वाजवतंय याचा त्याला पत्ताच नव्हता. नेमका तोंडाशी, जिथं रस्ता निमुळता होतो तिथं, मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला. ट्रॉली कलली, ऊस सांडला, वाट बंद. शोल्डर, म्हणजे रस्त्याकडेची मोकळी पट्टी, आम्ही आधीच अडवलेला, त्यामुळं बाजूला घ्यायला इंचभर जागा नाही. आमच्याकडं हायड्रा क्रेन होती, पण ती उभी होती मागं, रांगेच्या शेपटाकडं. तिथून तिला तोंडापर्यंत यायला रांगेतूनच यावं लागणार. दीड तास ती हललीच नाही. शेवटी मागच्या एसटीतली माणसं उतरली आणि आमच्या पोरांबरोबर उसाच्या मोळ्या हातानं बाजूला टाकल्या. एक आजी खिडकीतून सांगत होत्या, "अरं, निदान एकेक कांडं तरी द्या की." पोरांनी दिली.

त्या रात्रीनंतर मी हायड्रा नेहमी तोंडाच्या पुढच्या बाजूला ठेवतो. अडथळ्याच्या पुढचा रस्ता मोकळाच असतो, तिथून उलटं मागं येता येतं. गोष्ट साधी आहे, पण कुठल्या नकाशावर लिहिलेली नसते. कामाच्या टप्प्यात एक गाडी बंद पडण्यानं जेवढा घोळ होतो तेवढा डांबरानं होत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. सुट्टीच्या शनिवारी सकाळी खंबाटकी चढताना गरम होऊन थांबलेल्या दोन गाड्या खंडाळ्यापर्यंत रांग लावतात, तिथं तर कामही चालू नसतं.

तोंडाशी आणखी एक गोष्ट घडते आणि ती आपणच करतो. रांग दिसली की निम्मे लोक लवकर एका लेनमध्ये जातात, दुसरी लेन रिकामी राहते, मग त्या रिकाम्या लेनमधून आणि सर्व्हिस रोडवरून काही जण सुसाट पुढं येऊन तोंडाशी घुसतात. घुसणाऱ्या प्रत्येकासाठी मागच्याला ब्रेक लागतो, आणि तेवढ्यानं त्या लेनमधून तासाला जाणारी वाहनं कमी होतात. माझं मत असं आहे, आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही: गाड्या वेगात असतील तर लवकर लेन बदला. पण रांग लागून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली असेल तर दोन्ही लेन शेवटपर्यंत भरू द्या आणि तोंडाशी एक इकडची, एक तिकडची अशा सोडा. रांगेची लांबी निम्मी होते, मागचे अतीत-काशीळचे फाटे अडत नाहीत, आणि घुसण्यासारखी रिकामी लेनच उरत नाही. यासाठी तोंडाशी माणूस लागतो. दहा फलकांपेक्षा दोन चांगले झेंडेवाले बरे. आमच्या झेंडेवाल्या पोराला मात्र कुणी जुमानत नाही. एकदा होमगार्डचे दोन जवान उभे केले आणि त्याच ठिकाणी रांग डोळ्यांदेखत सरळ झाली. खाकीपुढं मर्सिडीजवालाही नंबरात येतो.

सर्व्हिस रोडची दशा का होते, हेही तुम्ही विचारलंय. तो गावातल्या वाहतुकीसाठी बांधलेला असतो, थर पातळ. त्यावर महामार्गाचे ट्रक वळवले की काय होतं? रस्त्याची झीज बोजाच्या प्रमाणात वाढत नाही, ढोबळमानानं चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. अॅक्सलवरचा बोजा दुप्पट झाला की झीज सोळापट. आणि खाली आपली कृष्णाकाठची काळी माती, पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळते. बाजूचं गटार आधी नीट काढलं नसेल तर पहिल्या वळवाच्या पावसात सर्व्हिस रोडचा ओढा होतो. वळणरस्ता आधी पक्का करावा, मग मूळ रस्त्याला हात लावावा, हे प्रत्येक कागदावर लिहिलेलं असतं. साइटवर मात्र वळणरस्त्याचं बिल छोटं आणि मूळ रस्त्याचं मोठं, त्यामुळं क्रम उलटतो. इथं मी आमच्या लोकांची बाजू घेणार नाही.

रात्रीच्या कामाबद्दल: होतं, आणि काही कामं रात्रीच करतात. उड्डाणपुलाचे जड तुकडे उचलायचे असतात तेव्हा खालची वाहतूक थोडा वेळ पूर्ण थांबवावी लागते, ते दिवसा शक्यच नाही. पण हा महामार्ग रात्री झोपत नाही. पुण्या-मुंबईहून रात्री निघालेल्या कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरूच्या बसेस मध्यरात्रीनंतर सातारा-कराड पट्ट्यात येतात, त्याच वेळी लांब पल्ल्याचे ट्रक. ड्रायव्हर पेंगुळलेले, वेग जास्त. आमच्या माणसांना उडवणारी वाहनं बहुतेक रात्रीचीच असतात. शिवाय थंडीत रात्री डांबर झपाट्यानं निवतं, आणि फ्लडलाइटच्या उजेडात थरातला दोष दिसत नाही. माझ्या अनुभवात या पट्ट्यातली सगळ्यात शांत वेळ आठवड्याच्या मधल्या दिवसांत दुपारी दोन ते साडेचार. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ आणि रविवार संध्याकाळ या तीन वेळांना लेन बंद ठेवणाऱ्यावर माझा राग आहे, आणि त्यात वर सांगितलेला मीही आलो.

थोडक्यात इथवरचं: माणूस दिसत नाही म्हणजे काम बंद आहेच असं नाही, पण कधीकधी खरंच बंद असतं. रांग बघून काम किती चाललंय ते कळत नाही. आणि रस्त्याला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, हीच तुमची खरी अडचण आहे. मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते आता सांगतो.

पहिलं म्हणजे सरासरी वेळ विसरा. डायलिसिसला सरासरीचा उपयोग नाही, उशीर झाला की पुढच्या पेशंटची पाळी येते. मागच्या दहा फेऱ्यांचे वेळ कागदावर लिहा आणि त्यातला दुसऱ्या नंबरचा वाईट वेळ धरून निघा. सगळ्यात वाईट धराल तर रोज तासभर आधी पोचून बसाल, त्यानं वडील थकतील.

दुसरं, सकाळची पहिली पाळी मिळते का विचारा. बहुतेक केंद्रांत ती पहाटे सहा-सातला सुरू होते. पाच-सव्वापाचला नागठाण्यातून निघालात तर बसेसचा जथा पुढं गेलेला असतो, शाळा-ऑफिसची गर्दी सुरू झालेली नसते. एक धोका आहे. डिसेंबर-जानेवारीत तारळी आणि कृष्णेच्या काठानं, उंब्रजच्या आसपास, पहाटे धुकं उतरतं आणि बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या त्यातच असतात. त्या दिवसांत चाळीसच्या पुढं जाऊ नका, उशीर झाला तर झाला.

तिसरं, पर्यायी रस्ता. उंब्रजवरून कृष्णा ओलांडून मसूर आणि तिथून ओगलेवाडीवरून कराड, हा तुम्हाला कुणीतरी सुचवलाय असं लिहिलंय. रस्ता चांगला पर्याय आहे, पण यशवंतनगरचा कारखाना त्याच बाजूला आहे. हंगाम चालू असताना तिथं ट्रॅक्टरांच्या मागं अडकलात तर ओव्हरटेकला जागा नाही. माझा ठोकताळा असा: एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत मसूरवरून, हंगामात महामार्गावरून. आणि निर्णय उंब्रजच्या आधी घ्या. एकदा उंब्रजच्या पुढं तासवडे टोलच्या रांगेत शिरलात की मागं फिरता येत नाही. मोबाइलवरचा नकाशा लाल दाखवतो तेव्हा तो आत्ताची रांग दाखवतो. तुम्ही पोचेपर्यंत ती वाढणार की घटणार, ते वर सांगितलेल्या हिशोबानं तुम्हीच ठरवा: सकाळी नऊला लाल म्हणजे वाढणार, दुपारी एकला लाल म्हणजे ओसरणार.

परतीचा विचार जास्त करा. जाताना वडील ताजे असतात, येताना चार तास मशीनवर काढून गळालेले. गाडीत बसल्याबसल्या रक्तदाब उतरतो, चक्कर येते. परतताना रांग लागली असेल तर कराडातच तासभर कुणाकडं तरी टेकू द्या. गाडीत डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच पाणी मोजून ठेवा, बिस्किटं, एक चादर. प्रकृती खरंच बिघडली तर गाडीनं रांग कापायचा प्रयत्न करू नका. १०८ ला फोन करून कुठल्या बाजूनं निघालाय आणि जवळचं गाव कुठलं एवढं स्पष्ट सांगा. काम चालू असलेल्या बंद लेनमधून आम्ही अँब्युलन्स सोडतो, ओलं काँक्रीट नसेल तर. समोरच्या बाजूनंही आणता येते.

तक्रारीचं विचारलंत. महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा चोवीस तासांचा नंबर आहे. पण 'ट्रॅफिक जाम आहे' असं सांगून काही होत नाही, ते त्यांनाही दिसतंय. तक्रार अशी द्या: कराडकडं जाणारी बाजू, अमुक किलोमीटरचा दगड, अमुक तारखेला इतक्या वाजता लेन बंद, आत मशीन नाही, माणूस नाही, थर थंड आणि पूर्ण, रात्री ब्लिंकर बंद. दोन दिवसांचे फोटो, दोन्हींत तीच खूण दिसेल असे. असा कागद आला की आमच्यातल्या सुपरवायझरला उत्तर द्यावं लागतं, कारण प्रत्येक बंद लेनची परवानगी असते आणि तिला मुदत असते. ब्लिंकर बंद असणं आणि सुरुवातीचा फलक पडलेला असणं ही दोन कारणं सगळ्यात लवकर काम करतात. अपघात झाला तर गळा कुणाचा अडकणार ते सगळ्यांना माहीत असतं.

टोलबद्दल शेजारच्यांनी जे सांगितलं ते अर्धं खरं. रस्ता खराब असला की टोल आपोआप माफ होत नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केरळातल्या पालियेक्करा नाक्याचा टोल तिथल्या उच्च न्यायालयानं चार आठवडे थांबवला होता आणि सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश तसाच राहू दिला. आपल्याकडच्या वकिलांनाही ते ठाऊक आहे. त्यात तुमचा वेळ घालवू नका, वडिलांकडं बघा.

एक माहिती मात्र मला हवी. तुम्ही लिहिलंय की रांग नेहमी 'पुलाच्या अलीकडं' सुरू होते. तो तारळीचा पूल की वारुंजीजवळचा कोयनेचा? पुलाचा जोड बदलतायत आणि कोयनेवर काम असेल तर ते एका वेळी एकाच लेनचं असतं, आणि एक लेन झाली की लगेच दुसरी बंद करतात. म्हणजे तुम्हाला वाटेल संपलं, आणि आठवड्यात परत तेच. पूल कुठला ते कळवा, मग मसूरचा रस्ता किती आठवडे धरायचा ते अंदाजानं सांगता येईल.